हजारांत एखादी

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावातल्या कुठल्याही मराठी बाईला विचारलं, की पोर कुणाकडे ठेवू, तर एकच नाव मिळायचं. मृदुलाताई. ‘मिळायचं’ असं म्हणतेय, कारण आता मिळत नाही. ते का, हे सांगायलाच मी बसले आहे, आणि मला राग आलेला आहे हे आधीच सांगून टाकते. शांत डोक्यानं लिहिलेलं हवं असेल तर दुसरं काहीतरी वाचा.

मृदुलाताई नवऱ्याच्या मागून इथे आल्या. जयप्रकाशभाऊजींना आइंडहोवनच्या कंपनीत नोकरी, आणि ताईंच्या व्हिसावर त्यांची ओळख काय, तर ‘अवलंबून’. वाईला चांगली बालवाडी चालवणारी बाई इथे येऊन बाजारात बटाटे मागायला घाबरायची. पण ताई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नाहीत. संहिता, म्हणजे त्यांची लेक, शाळेत जायला लागली तशी त्यांनी डच शिकायला घेतलं. मग घरी मुलं सांभाळण्याचा रीतसर कोर्स केला. जिन्याला फाटक बसवलं, तपासणीला आलेल्या बाईला कांदेपोहे खायला घातले आणि दारावर पाटी लावली. तेव्हापासून त्यांच्या दाराशी इवल्या बुटांचा ढीग असायचा.

माझी मुलगीही त्यांच्याचकडे वाढली. आता ती ग्रोनिंगनला शिकते. मी फोनवर मराठीत विचारते आणि ती डचमध्ये उत्तर देते. पण मृदुलामावशींशी बोलताना मात्र अगदी ‘मावशी, तुझ्या हातचं थालीपीठ खायचंय’ असं शुद्ध मराठी. मला याचा हेवा वाटतो. वाटू दे.

ताईंचा एक नियम होता. मूल ठेवून घेण्याआधी त्या आईला चहा द्यायच्या आणि विचारायच्या, “लसी झाल्यात ना सगळ्या?” इथे लस सक्तीची नाही. द्यायची की नाही ते आईबापांनी ठरवायचं. पण ताई विचारायच्याच, आणि त्याला कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ, मनोहर. लहानपणी त्याला गोवर निघाला. घरात गोवर म्हणजे देवीचं येणं. औषध द्यायचं नाही, अंथरुणात कडुलिंबाचा पाला ठेवायचा, फोडणी द्यायची नाही. गोवर गेला, पण त्याचे दोन्ही कान वाहायला लागले ते वाहतच राहिले. आई मागून हाका मारायची आणि मनोहर अंगणात आपला खेळत बसलेला असायचा. ताई सांगायच्या, “आईनं पहिल्यांदा त्याला मारलं, की हाक मारली तरी ओ देत नाहीस म्हणून. मग तिला कळलं.” एवढं सांगून त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

एकदा समोरच्या रस्त्यावरची एक डच बाई आपलं मूल घेऊन आली. मरैके तिचं नाव. ताईंनी विचारलं, तर ती दारातच म्हणाली, “नाही, आम्ही लस देत नाही. आमचा तसा विश्वास आहे. तुम्हाला अडचण असेल तर स्पष्ट सांगा.” ताईंनी स्पष्ट सांगितलं, की माझ्याकडे अगदी तान्ही मुलंही असतात, मला जमणार नाही. मरैकेनं हात मिळवला, सायकलवर टांग मारली आणि गेली. आजही दिसली की हात हलवते. तेव्हा आम्ही सगळ्या तिला नावं ठेवत होतो. कशी बाई आहे, पोटच्या पोराची काळजी नाही! माझं मत आता बदललेलं आहे. लसीबद्दलचं नव्हे, त्या बाईबद्दलचं. ती निदान तोंडावर खरं बोलली.

डच आईबाप आले की ताई त्यांच्याकडून लसींचं पुस्तक मागून बघायच्या. मराठी घरातलं मूल आलं तर नाही. “आपल्या माणसाकडे कागद कशाला मागायचा ग? अपमान वाटतो त्यांना,” असं त्या म्हणायच्या. आम्हीही मान डोलवायचो. आपल्यातला माणूस म्हणजे शब्दाचा पक्का, कागद फक्त परक्यांसाठी! पुण्यामुंबईहून एवढं शिकून आलेली माणसं आम्ही, आणि अक्कल ही.

ज्ञानदा आणि अभिजित हे तर आपल्यातलेही आपले. ज्ञानदाच्या बाळंतपणाला तिच्या आईचा व्हिसा वेळेत झाला नाही, तेव्हा आई झाल्या त्या मृदुलाताई. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावून अंघोळ, पोटाला शेक. इथे बाळंतिणीच्या मदतीला सरकारी बाई घरी येते, ती हे सगळं बघून चाट पडली होती. रुचिरचं नावही ताईंच्याच मांडीवर ठेवलं गेलं. पुढे ज्ञानदा कामाला लागली तसा तो रोज ताईंकडेच राहू लागला. ‘आज्जी’ म्हणायचा तो ताईंना, आणि ताईंचं काळीज कसं सुपाएवढं व्हायचं.

त्याच्याही लसींचं विचारलं होतं. ज्ञानदा म्हणाली, “हो हो ताई, गोवराची मागच्या ट्रिपमध्ये पुण्यातच घेतली. आईच्या ओळखीचे डॉक्टर आहेत ना.” इथल्या दवाखान्यात ती सांगत होती की भारतात घेतली, आणि पुण्याच्या डॉक्टरांना सांगत होती की तिकडे घेणार आहोत. दोन देशांच्या मधल्या फटीत ते पोर तसंच राहिलं. आम्हाला हे पुष्कळ नंतर कळलं.

दीडेक वर्षापूर्वी संहिताला मुलगी झाली. अवनी. संहिता आइंडहोवनला राहते, नोकरीला जाताना बाळ आईकडे सोडायची. ताईंच्या घरात इतकी पोरं वाढली, पण आपल्या रक्ताचं पहिल्यांदा. अवनीची पहिली संक्रांत येणार म्हणून त्यांनी दिवाळीपासून काळं झबलं शिवायला घेतलं. हलव्याचे दागिने मात्र पुण्याचेच हवे होते. ज्ञानदा डिसेंबरात पुण्याला जाणारच होती. तिनं मुकुट, बाजूबंद, बासरी असं सगळं हँडबॅगेत जपून आणलं, एक दाणा गळू दिला नाही. ताईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बोरन्हाण रविवारी झालं. इथे बोरं कुठली? डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला मुलांवर मसाल्याची बारकी बिस्किटं उधळतात, ती प्रत्येक घरात उरलेली असतात. चुरमुऱ्यांत तीच मिसळली. पाटावर अवनी, काळ्या झबल्यात, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तिच्या डोक्यावरून ओतलं आणि सगळी पोरं सतरंजीवर तुटून पडली. रुचिर सगळ्यांत पुढे. त्याचे डोळे लाल होते, नाक गळत होतं, खोकतही होता. मी म्हटलंसुद्धा, “काय ग, याला बरं नाही का?” ज्ञानदा म्हणाली, “पुण्याची धूळ ग. त्यात जेटलॅग.” रुचिरनं अवनीच्या मांडीवरचं बिस्किट उचललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं तिच्या तोंडाला लावलं. आम्ही सगळ्या हसलो. कुणीतरी व्हिडिओही काढला.

दुसऱ्या दिवसापासून रुचिर आला नाही. ज्ञानदानं कळवलं, व्हायरल आहे. ताईंनी मेतकूट-भात आणि पेज डब्यात भरून सायकलवरून तिच्या दारात नेऊन दिली. एकदा नाही, रोज. ज्ञानदा दार किलकिलं करून डबा घ्यायची. “आत नका येऊ ताई, तुम्हालाही व्हायचं.” ताईंना वाटलं, किती काळजी पोरीला!

पुढच्या आठवड्यात अवनीला ताप आला. मग खोकला, डोळे लाल, आणि मग कानामागून सुरू होऊन अंगभर पुरळ. इथल्या हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, आम्ही भारतीय नावं ठेवतो, की काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देतो. त्या दिवशी त्यानं बाळाला बघितलं, आणि पॅरासिटामॉलचं नावही न काढता थेट हॉस्पिटलला फोन लावला. गाडी मी चालवली. मागे संहिता बाळाला धरून, बाजूला ताई. गाडीत फक्त अवनीच्या श्वासाचा घर्र आवाज.

गोवर होता, आणि त्यातून न्यूमोनिया झाला होता. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आसपास कुणाला गोवर झाला होता का? ताई ताठ उभ्या राहिल्या आणि डचमध्ये म्हणाल्या, “शक्यच नाही. माझ्याकडची सगळी मुलं लस घेतलेली आहेत. मी प्रत्येक आईला विचारते.” त्यांच्या स्वरात अभिमान होता.

मग बाहेर येऊन त्यांनी ज्ञानदाला फोन लावला. संशयानं नव्हे. रुचिरलाही असंच काही असेल तर तिनं सांभाळावं म्हणून. फोन स्पीकरवर होता.

“ज्ञानदा, अगं अवनीला गोवर निघालाय. रुचिरला नक्की काय झालं होतं?”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“ज्ञानदा?”

“ताई... पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवला होता. ते म्हणाले, गोवरासारखं दिसतंय.”

“कधी म्हणाले?”

“बोरन्हाणानंतर. लगेचच.”

“पण त्याला तर लस...”

त्यावर ज्ञानदा रडायला लागली. ताईंनी फोन बंद केला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी धरायला गेले तर म्हणाल्या, “नको ग, काही नाही झालं मला.” पुण्याच्या त्या डॉक्टरांनी आणखीही सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. तिथल्या डॉक्टरला दाखवा आणि आजूबाजूला लहान बाळं असतील तर आजच्या आज कळवा. ही नवराबायको दोन्ही न करता घरात गुपचूप बसली, आणि रोज आमच्या ताईंच्या हातचा डबा घेत राहिली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरीणबाईंना खरं सांगावं लागलं. ते ताईंनीच सांगितलं, मघाच्याच जागी उभं राहून. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तेव्हाच कळलं असतं तर आम्ही हिला तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन देऊ शकलो असतो. कदाचित आजार टळला असता, निदान इतका वाढला नसता. पहिले काही दिवसच ते उपयोगी पडतं.” संहितानं आईकडे बघितलं. ती नजर मी विसरायचा प्रयत्न करते.

अवनी वाचली. हे मी मुद्दाम लगेच सांगते, कुणाचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही. नळी निघाली, दूध प्यायला लागली, आजीच्या घरी आली. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी संहिताला आणि ताईंना बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. इतक्या लहान वयात गोवर झालेल्या मुलांना पुढे काही वर्षांनी मेंदूचा एक आजार होऊ शकतो. फार क्वचित, हजारांत एखाद्याला. तो आधी ओळखता येत नाही आणि त्याच्यावर औषध नाही. “त्या भीतीत जगू नका,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला माहीत असायला हवं.”

मग एका संध्याकाळी अभिजित आणि ज्ञानदा ताईंकडे आले. मीही तिथेच होते, आणि बरंच झालं. अभिजित चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. तिथे यंत्राचा प्रत्येक भाग कसा बिघडू शकतो, बिघडला तर किती नुकसान, तसं घडण्याची शक्यता किती, याला एक ते दहा आकडे देऊन गुणाकार करतात. मोठा गुणाकार आला तर उपाय करायचा, लहान आला तर सोडून द्यायचं. या शहाण्यानं तेच घरी केलं होतं.

“ताई, मी हा डिसिजन इमोशनली नव्हता घेतला,” तो म्हणाला. “प्रॉपर रिस्क अ‍ॅनॅलिसिस केलं होतं. ज्ञानदाच्या भाचीला लसीनंतर फिट आली होती. आम्ही तिथेच होतो. डोळे फिरवले होते हो तिनं! तर त्याची सिव्हिअरिटी मी हाय धरली. आणि गोवर इथे होतोय कुठे? आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतलेली. म्हणजे होण्याचा चान्स एक. गुणाकार कमी आला.”

ज्ञानदाची भाची पुढे ठणठणीत झाली, शाळेत जाते, कथ्थक शिकते. तापाचा झटका बघणाऱ्याचा जीव काढतो हे खरं. ज्ञानदा घाबरली हेही मी समजू शकते. मी नसते का घाबरले? पण गोवराच्या तापानं तोच झटका कितीतरी जास्त मुलांना येतो, हे या हिशेबात कुठे होतं? आणि मुळात, घाबरलीस तर घाबरले म्हणून सांग! ताईंनी तिला जवळ घेतलं असतं, सोबत दवाखान्यात गेल्या असत्या, लस टोचल्यावर दोन दिवस पोराच्या उशाशी बसल्या असत्या. हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं, पण ताईंनी हातानं मला थांबवलं.

“आजूबाजूच्या सगळ्यांनी म्हणजे कोणी रे, अभिजित?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... जनरल पॉप्युलेशन.”

“म्हणजे हिची मुलगी. माझी संहिता. माझ्याकडची सगळी पोरं. आम्ही घेतली, म्हणून तुला घ्यायची गरज नव्हती.”

“टेक्निकली... हो.”

“आणि जी अजून घेण्याएवढी मोठीच नाही, ती कुठल्या आकड्यात होती?”

अभिजितनं ज्ञानदाकडे बघितलं.

“पुण्याची ट्रिप होती का त्या गुणाकारात?”

तीही नव्हती. सतत विमानानं येणारीजाणारी माणसं आम्ही, आणि या इंजिनिअरनं असा हिशेब मांडला होता की जसं त्याचं पोर जन्मभर बेस्टच्या बागेतच खेळणार आहे. मला हसू आलं असतं, पण आतल्या खोलीत अवनी खोकत होती.

“लगेच सांगितलं का नाहीस?” हे ताईंनी ज्ञानदाला विचारलं. तिच्याकडे न बघता.

“खोटं उघड पडलं असतं, ताई. तुम्ही रुचिरला ठेवला नसता. मला वाटलं, कदाचित नसेलच गोवर. कदाचित अवनीला होणारच नाही.”

ताई उठल्या. त्यांनी रुचिरचे तिथे राहिलेले कपडे, त्याची झाकणाची वाटी आणि निळा हत्ती पिशवीत भरून ज्ञानदाच्या हातात दिला.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नोकरीवर परत जाताना संहितानं अवनीला आइंडहोवनच्या पाळणाघरात घातलं. ताईंना म्हणाली, “आई, तुझ्यावर राग नाही. पण तू नुसतं विचारलंस. बघितलं नाहीस.” पोर खरं बोलली, आणि म्हणूनच ते ताईंना लागलं. दुसऱ्यांची डझनावारी मुलं जिनं वाढवली, तिच्याकडे तिची स्वतःची नात ठेवली जात नाही. काही महिन्यांनी ताईंनी दारावरची पाटी काढली. मी खूप भांडले. “आता पुस्तक बघून घ्या ना, सगळ्यांचं घ्या!” म्हटलं. त्या म्हणाल्या, “पुस्तक बघता येईल ग. पण आई दारात आली की मी तिच्या तोंडाकडे बघत राहीन, ही खोटं बोलतेय का म्हणून. तसं बघत मला पोरं नाही सांभाळता यायची.”

यंदाच्या संक्रांतीला आम्ही काहीच केलं नाही. मी ताईंकडे नुसती चहाला गेले होते. अवनी आलेली होती, आता दुडूदुडू चालते. वेळ झाल्यावर तिलाही लस टोचून आणली. तिला आता गोवराच्या लसीची गरज उरली नसेल, पण त्याच सुईत गालगुंड आणि जर्मन गोवराच्या लसीही असतात. ताई स्वतः सोबत गेल्या होत्या. हल्ली त्या अवनीला सारख्या हाका मारतात. खेळताना, जेवताना, पाठमोरी असताना. तिनं वळून बघितलं की गप्प होतात, आणि थोड्या वेळानं परत मारतात.

बेल वाजली. दारात ज्ञानदा, अभिजित आणि रुचिर. ज्ञानदाच्या हातात वाटी, वाटीत तिळाचे लाडू. ती वाळली होती. “ताई, रुचिरच्या सगळ्या लसी झाल्या,” ती म्हणाली. “मी स्वतः नेलं त्याला. काही त्रास झाला नाही.”

“चांगलं झालं,” ताई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

अभिजितला वाटलं, गाडी रुळावर आली. तो अवनीकडे बघून म्हणाला, “बघा, किती छान झालीय. ते डॉक्टरांचं मनावर नका घेऊ ताई. फार रेअर असतं ते. हजारांत एखाद्याला होतं.”

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“लसीनं फिट येते तीही हजारांत एखाद्यालाच ना रे? तेव्हा तुला तो एखादा रुचिरच दिसत होता. मग मला ती एखादी अवनी दिसली तर मनावर घेऊ नको म्हणतोस?”

रुचिर आईचा हात सोडून पुढे आला आणि “आज्जी” म्हणत ताईंच्या पायांना बिलगला. ताई खाली वाकल्या. त्याला उचललं, त्याच्या केसांतून हात फिरवला, वाटीतला एक लाडू घेऊन त्याच्या तोंडात घातला. ज्ञानदाचे डोळे भरून आले. तिनं लाडू पुढे केला आणि कसंबसं म्हणाली, “तिळगूळ घ्या ताई. गोड...”

“नको,” ताई म्हणाल्या. “गोड तू नेहमीच बोलायचीस.”

त्यांनी रुचिरला तिच्या कडेवर दिलं. ते तिघं फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. रुचिर मागे वळून हात हलवत होता आणि त्याही हलवत होत्या. मग दार लावून त्या आत आल्या, आणि टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या अवनीला हाक मारली.